पक्षीण-मुक्ती (शिलुआख हाकेन)

पक्षीण-मुक्ती : ज्यू धर्मशास्त्रातील एक आज्ञा. हिब्रू भाषेत तिला ‘शिलुआख हाकेन’ म्हणतात. या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘घरट्याची पाठवणी’ असा आहे. वाटेत एखादे घरटे आढळले आणि त्यातील अंड्यांवर वा पिलांवर पक्षीण बसलेली असली, तर तिला पिलांसह पकडू नये. तिला आधी सोडून द्यावे आणि मगच अंडी वा पिले घ्यावीत, असा या आज्ञेचा आशय आहे. आज्ञा अगदी लहान आहे. तिच्या पालनास खर्च येत नाही, विशेष कष्टही पडत नाहीत. तथापि धर्माज्ञांचा हेतू दया हा की केवळ ईश्वरी इच्छा, तसेच आज्ञापालनाचे फळ मनुष्यास याच जन्मी मिळते की नाही, या दोन मूलभूत प्रश्नांवरील ज्यू विचारवंतांचा वाद दीर्घकाळ या छोट्या आज्ञेच्याही आधारे चालत आला आहे. तिचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.

मूळ वचन : ही आज्ञा तोरा म्हणजे मोझेसच्या पंचग्रंथातील ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथात (२२ : ६–७) आली आहे. घरटे झाडावर असो वा जमिनीवर, त्यात अंडी असोत वा पिले, आज्ञा एकच. तिच्या शेवटी, असे केल्याने तुझे कल्याण होईल व तू दीर्घायुषी होशील, अशा अर्थाची फलश्रुती आहे. तोरामध्ये बहुतेक आज्ञांना असे विशिष्ट फळ जोडलेले नाही. दीर्घायुष्याचे हेच फळ दहा आज्ञांपैकी माता-पित्यांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही जोडलेले आहे (निर्गम २० : १२, अनुवाद ५ : १६). त्यामुळे या दोन्ही आज्ञांचा एकत्र विचार करण्याची प्रथा फार प्राचीन काळापासून पडली. जेरूसलेम ताल्मुदात सर्वांत हलकी आज्ञा म्हणून पक्षीण-मुक्तीचा व सर्वांत भारी आज्ञा म्हणून मातृपितृसन्मानाचा उल्लेख असून दोहोंचे फळ समान असल्याकडे लक्ष वेधले आहे.

या वचनातील ‘पिलांसह आई’ ही हिब्रू शब्दयोजना लक्षणीय आहे. बायबलच्या जुन्या करारात ती युद्धातील निर्दय संहाराचे वर्णन करतानाही आढळते. एसाव आपल्यावर चालून येत आहे हे कळल्यावर याकोबला जी भीती वाटते (उत्पत्ती ३२ : ११), तिच्यात आणि होशेय या प्रेषिताने केलेल्या एका नगराच्या विध्वंसाच्या वर्णनात (१० : १४) हीच योजना आहे. आई आणि मुले यांचा एकाच वेळी नाश होणे हे प्राचीन हिब्रू वाङ्मयात समूळ उच्छेदाचे चिन्ह होते, असे यावरून दिसते. तोच शब्दप्रयोग पाखराच्या घरट्याला लावल्यामुळे रानातील एका क्षुल्लक कृत्यालाही त्या संहाराची छाया प्राप्त झाली आहे.

तोरामधील आणखी काही आज्ञा हिच्याशी निगडित मानल्या जातात. गाय किंवा मेंढी आणि तिचे पिलू यांचा एकाच दिवशी वध करू नये (लेवीय २२ : २८), करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये (निर्गम २३ : १९), नगराला वेढा घातला असता फळझाडे तोडू नयेत (अनुवाद २० : १९–२०) या त्यांपैकी प्रमुख होत. या सर्वांत उपभोगाला संपूर्ण मनाई नाही. मात्र त्याला मर्यादा घातलेली आहे. पक्षीण-मुक्तीच्या लगेच नंतरची आज्ञा (अनुवाद २२ : ८) नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, म्हणजे तेथून कोणी पडून मरणार नाही, अशी आहे.

प्राचीन उल्लेख : मृत समुद्राजवळील कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या व १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मंदिर-गुंडाळी’ या हस्तलिखितात ही आज्ञा समाविष्ट आहे. फोसिलिडीझ या प्राचीन ग्रीक कवीच्या नावावर मोडणारे एक नीतिपर काव्य प्रत्यक्षात इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. पहिले शतक या काळातील कोणा ज्यू लेखकाने रचले असावे, असे अभ्यासक मानतात. घरट्यातील सर्वच पाखरे एका वेळी उचलू नयेत, आईला मागे ठेवावे, म्हणजे तिच्यापासून पुन्हा पिले मिळतील, असा उपदेश त्यात आहे. दयेऐवजी व्यवहार व वंशसातत्य या अंगाने केलेली ही या आज्ञेची एक जुनी उपपत्ती होय. पहिल्या शतकाच्या अखेरीस जोसीफस या इतिहासकाराने ग्रीक टीकाकारांना उत्तर देताना ज्यूंचा कायदा मुक्या प्राण्यांशीही सौम्यपणे वागण्यास शिकवितो, असे प्रतिपादन केले. त्यासाठी दिलेल्या उदाहरणांत पिलांसह त्यांच्या जन्मदात्यांना न पकडण्याच्या नियमाचा उल्लेख आहे.

मिश्नामधील नियम : सु. २०० मध्ये जुडाह हा-नासी याने संकलित केलेल्या मिश्ना या ग्रंथातील ‘हुल्लीन’ प्रकरणाचा बारावा व अखेरचा अध्याय सर्वस्वी या आज्ञेला वाहिलेला आहे. त्यानुसार ही आज्ञा पवित्र भूमीत व तिच्याबाहेर, तसेच जेरूसलेमचे मंदिर उभे असताना व नसतानाही बंधनकारक आहे. ती फक्त भक्ष्य मानलेल्या पक्ष्यांनाच लागू पडते. अभक्ष्य पक्षीण भक्ष्य पक्ष्याच्या अंड्यांवर बसली असली किंवा उलट असले, तरी ती लागू होत नाही. घरात पाळलेले पक्षी आज्ञेच्या कक्षेबाहेर आहेत. मात्र पाळीव हंसी वा कोंबडीने बागेत जाऊन घरटे केले, तर ती लागू होते. घरट्यात एकच पिलू वा एकच अंडे असले तरी पक्षिणीला सोडलेच पाहिजे. पिले उडू लागली असली किंवा अंडी नासलेली असली, तर बंधन उरत नाही, कारण त्यांना आईची गरज राहिलेली नसते. पक्षीण घरट्यावर घिरट्या घालीत असेल, तर तिचे पंख घरट्याला स्पर्श करतात की नाही, यावरून निर्णय करावा. सोडलेली पक्षीण चार-पाच वेळा परत आली, तरी प्रत्येक वेळी तिला पुन्हा सोडावे.

ज्याने आईला पिलांसह पकडले त्याला शिक्षा कोणती, याविषयी मतभेद होता. रब्बी यहूदा याच्या मते त्याला फटक्यांची शिक्षा द्यावी. बहुसंख्य पंडितांच्या मते त्याने पक्षिणीला सोडून द्यावे, म्हणजे तो शिक्षेस पात्र राहत नाही. ज्या निषेधाचे उल्लंघन एखाद्या विधीच्या पालनाने भरून काढता येते, त्याच्या भंगाबद्दल फटके नाहीत, हे ज्यू विधिशास्त्रातील सर्वसामान्य तत्त्व या संदर्भात मांडले गेले आहे. कुष्ठरोग्याच्या शुद्धिविधीसाठी पक्ष्यांची आवश्यकता असे. परंतु त्या धर्मकृत्यासाठीही पिलांवरील आईला पकडण्याची मुभा नाही. अध्यायाच्या शेवटी एक युक्तिवाद आहे : जिच्या पालनास इस्सार या क्षुद्र रोमन नाण्याइतकाच तोटा येतो, अशा हलक्या आज्ञेलाही जर दीर्घायुष्याचे फळ आहे, तर भारी आज्ञांचे फळ किती मोठे असेल!

सु. पाचव्या-सहाव्या शतकांत पूर्णत्वास गेलेल्या बॅबिलोनियन ताल्मुदात या नियमांची सूक्ष्म छाननी आढळते. समुद्रावर तरंगणाऱ्या झाडातील घरटे, एवढेच नव्हे तर माणसाच्या डोक्यावरील घरटे यांचाही तीत विचार झाला आहे. घरटी शोधत डोंगर-टेकड्या धुंडाळाव्यात काय, या प्रश्नाला तेथे नकारार्थी उत्तर दिले आहे. मूळ वचनात घरटे ‘वाटेत आढळल्यास’ असे म्हटले असल्याने जे सहज समोर येईल त्यापुरतीच आज्ञा मर्यादित आहे. एकाने पक्षिणीचे पंख छाटून तिला सोडले, तेव्हा रब्बीने त्याला फटक्यांची शिक्षा दिली व पंख वाढेपर्यंत तिला सांभाळून मग सोडण्यास फर्माविले, अशी हकिकतही त्यात आली आहे. आज्ञेचे शब्द पाळून तिचा अर्थ डावलता येणार नाही, हे यातून स्पष्ट होते.

दया की आदेश : मिश्नाच्या ‘बराखोत’ प्रकरणात (५ : ३) एक वेगळाच नियम आढळतो. प्रार्थना सांगणाऱ्याने, ईश्वराची करुणा पाखराच्या घरट्यापर्यंत पोहोचते, अशा अर्थाचे उद्गार काढल्यास त्याला थांबवावे, असा तो नियम आहे. वरवर पाहता भक्तिपूर्ण वाटणाऱ्या या उद्गारांना मनाई का, याची दोन कारणे बॅबिलोनियन ताल्मुदात दिली आहेत. एका मतानुसार अशा उद्गारांमुळे ईश्वराच्या निर्मितीत मत्सर उत्पन्न होतो. करुणा जणू एका प्राण्यावर आहे व दुसऱ्यावर नाही. दुसऱ्या मतानुसार ईश्वराच्या आज्ञांना दया हे कारण जोडणे हेच चूक आहे. त्या केवळ त्याचे आदेश होत. या दुसऱ्या मताने पुढील सर्व वादाला जन्म दिला.

मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ (११३५ वा ११३८–१२०४) याच्या लेखनात दोन्ही बाजू आढळतात. आज्ञांच्या आपल्या गणनेत त्याने पक्षिणीला सोडणे ही १४८ वी विधिरूप व तिला पिलांसह न पकडणे ही ३०६ वी निषेधरूप आज्ञा मानली. आपल्या विधिसंहितेत त्याने बराखोतचा नियम उद्‌धृत करून, आज्ञेचे कारण दया असते तर ईश्वराने प्राण्यांच्या वधाला मुळीच परवानगी दिली नसती, असा युक्तिवाद केला. याउलट, सु. ११९० मध्ये ईजिप्तमध्ये अरबी भाषेत पूर्ण केलेल्या आपल्या तत्त्वज्ञानपर ग्रंथात (भाग ३, प्रकरण ४८) त्याने दयेचा हेतू स्पष्टपणे स्वीकारला आहे. अपत्याविषयीचे प्रेम बुद्धीपासून उद्‌भवत नाही, तर बहुतेक प्राण्यांत असणाऱ्या कल्पनाशक्तीपासून उद्‌भवते. म्हणून पिलांच्या वियोगाने होणाऱ्या दुःखाबाबत मनुष्य आणि इतर प्राणी यांत भेद नाही, असे तो म्हणतो. आई उडून गेल्यास तिला पिले नेली जाताना पाहावे लागत नाही. शिवाय उबवलेली अंडी व कोवळी पिले सहसा खाण्यास योग्य नसल्याने बहुधा मनुष्य घरट्याला हातच लावणार नाही, असेही त्याने सुचविले आहे. पशुपक्ष्यांच्या दुःखाची जर इतकी काळजी घेतली आहे, तर मनुष्याने मनुष्याशी कसे वागावे हे सांगणे नकोच, असा त्याचा निष्कर्ष आहे. बराखोतचा नियम हा आज्ञांना कारणे नसतात असे मानणाऱ्या पक्षाचा असून आपण दुसऱ्या पक्षाचे आहोत, असे त्याने या ठिकाणी सांगितले आहे.

नाहमॅनिडीझ (११९४–१२७०) या स्पॅनिश ज्यू भाष्यकाराने या दोन मतांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. त्याच्या मते ईश्वराची पक्षिणीवर दया हा आज्ञेचा हेतू नव्हे, कारण तसे असते तर प्राण्यांच्या वधालाच मनाई झाली असती. आज्ञेचा रोख मनुष्यावर आहे. त्याचे हृदय निर्दय होऊ नये, त्याला दयेची सवय लागावी, म्हणून ती दिली आहे. आज्ञा या धातूचा कस वाढविणाऱ्या भट्टीप्रमाणे मनुष्याला शुद्ध करण्यासाठी आहेत, या जुन्या मिद्राश-विचाराचा त्याने आधार घेतला. त्याचबरोबर आई आणि पिले यांना एकाच वेळी मारणारा जणू ती जातीच नष्ट करतो, असेही त्याने नमूद केले. तेराव्या शतकातच स्पेनमध्ये रचल्या गेलेल्या ‘सेफेर हाहिन्नुख’ या ग्रंथात जातिरक्षणाच्या मुद्द्यावर अधिक भर आहे. ईश्वराने निर्माण केलेली कोणतीही जाती लोप पावू नये, अशी त्याची इच्छा असल्याचे ही आज्ञा सुचविते, असे त्यात म्हटले आहे.

मृत मुलाचा प्रश्न : फलश्रुतीवरील चर्चेचा केंद्रबिंदू बॅबिलोनियन ताल्मुदातील (किद्दुशीन ३९ ब, हुल्लीन १४२ अ) एक कथा आहे. पित्याने मुलाला उंच इमारतीवर चढून पिले आणण्यास सांगितले. मुलगा वर चढला, त्याने आईला सोडले, पिले घेतली आणि परत येताना तो पडून मेला. पित्याची आज्ञा पाळणे आणि पक्षिणीला सोडणे, या दीर्घायुष्याचे वचन असलेल्या दोन्ही आज्ञा त्याने त्याच क्षणी पाळल्या होत्या. मग त्याचे दीर्घायुष्य कोठे गेले? हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेल्या रब्बी याकोबने असे उत्तर दिले, की आज्ञेचे फळ या जगात नाहीच. वचनातील दीर्घायुष्य ज्या जगात सारेच दीर्घ आहे त्या परलोकातील होय. ताल्मुदाने याखेरीज लौकिक कारणेही तपासून पाहिली आहेत. मुलाच्या मनात पापी विचार असावा काय, अशी एक शंका घेतली आहे. शिडी मोडकळीस आलेली होती आणि जेथे धोका उघड असतो तेथे चमत्कारावर विसंबू नये, असेही म्हटले आहे.

या कथेशी दुसऱ्या शतकातील नामवंत पंडित एलिशा बेन अबुया याचा धर्मत्याग जोडला जातो. ज्यू परंपरेत तो ‘अहेर’ (दुसरा) या नावाने ओळखला जातो. जेरूसलेम ताल्मुदातील वृत्तांतानुसार गेनेसारेतच्या खोऱ्यात त्याने दोन माणसे पाहिली. एकाने शब्बाथच्या दिवशी ताडावर चढून आई आणि पिले दोन्ही पळविली व तो सुखरूप उतरला. दुसऱ्याने शब्बाथ संपल्यावर आज्ञेप्रमाणे आईला सोडून पिले घेतली. तो उतरला आणि सर्पदंशाने मेला. यावरून एलिशाचा ईश्वरी न्यायावरील विश्वास उडाला. दुसऱ्या एका परंपरेनुसार रोमन छळात मारल्या गेलेल्या एका विद्वानाची जीभ डुकराने ओढत नेलेली पाहून त्याने धर्म सोडला. या दोन्ही परंपरा एकाच ठिकाणी नोंदविल्या गेल्या असल्याने घरट्याच्या कथेमागे बार कोखबाच्या बंडानंतरच्या (१३२–१३५) छळाची वेदना असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. ज्यांनी आज्ञा प्राणपणाने पाळल्या तेच बळी गेले, हा त्या पिढीसमोरील प्रत्यक्ष प्रश्न होता. रब्बी याकोब हा एलिशाचा दौहित्र होता. आजोबाने या वचनाचा अर्थ नातवाप्रमाणे लावला असता तर तो बहकला नसता, असा ताल्मुदाचा अभिप्राय आहे. मिल्टन स्टाइनबर्ग या अमेरिकन रब्बीने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कादंबरीचा नायक म्हणून एलिशालाच निवडले.

उत्तरकालीन वाद : योसेफ कारो याच्या ‘शुल्हान आरुख’ या विधिसंहितेने (पहिले मुद्रण १५६५) या आज्ञेला स्वतंत्र प्रकरण दिले. तथापि ज्याला अंडी वा पिले नकोच आहेत, त्यानेही घरटे दिसताच पक्षिणीला उडवून लावावे काय, हा प्रश्न उरला. झोहार-परंपरेतील गूढवाद्यांच्या मते पिलांपासून दूर केलेल्या आईचा आक्रोश वर पोहोचतो आणि त्यामुळे हद्दपारीतील इस्राएलविषयी ईश्वराची करुणा जागृत होते. या विचाराचा आधार घेऊन जर्मनीतील याइर बाखाराख (१६३८–१७०२) याने घरटे दिसल्यास आज्ञा पाळलीच पाहिजे, असा निर्णय दिला. त्याचा समकालीन झ्वी आश्केनाझी (सु. १६५६–१७१८) याने याच्या विरुद्ध मत दिले, ज्याला पिले घ्यायची आहेत त्याच्यासाठीच हा नियम आहे. मोशे सोफेर (१७६२–१८३९) या हंगेरीतील प्रभावी रब्बीने हाच पक्ष अधिक जोरकसपणे मांडला. पिलांची गरज नसताना आईला त्यांच्यापासून हुसकावणे हे धर्मकृत्य नसून क्रौर्य होय, असे त्याचे मत होते. अशा रीतीने, दयेचे प्रतीक मानलेल्या आज्ञेचे पालनच क्रूर ठरण्याची शक्यता परंपरेने स्वतःच ओळखली.

पाद्युआच्या रब्बी विद्यालयातील अध्यापक सॅम्युएल डेव्हिड लुझाट्टो (१८००–६५) याने या आज्ञेची एक मार्मिक उपपत्ती दिली. माणूस जवळ येताच पक्षी सामान्यतः उडून जातो. पिलांवर बसलेली आई मात्र त्यांच्या प्रेमापोटी जागची हलत नाही, म्हणूनच ती हाती लागते. अशा वेळी तिला पकडणे म्हणजे तिच्या सद्‌गुणाचाच गैरफायदा घेणे होय. माता-पित्यांच्या सन्मानाशी या आज्ञेचे जे नाते प्राचीनांना जाणवले होते, त्याला या उपपत्तीने निश्चित अर्थ दिला.

सांप्रत स्थिती : अनुवाद ग्रंथातील ज्या पाठात (२१ : १०–२५ : १९) ही आज्ञा येते, तो एलुल महिन्यात, साधारणतः ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये, जगभरच्या सिनेगॉगांत वाचला जातो. मराठीभाषी बेने इस्राएल समाजाच्या वार्षिक तोरा-वाचनातही तो येतो. प्रत्यक्ष आचरण मुख्यतः सनातनी ज्यूंमध्ये, विशेषतः इझ्राएलमध्ये आढळते. त्यासाठी बहुधा खिडकीवर वा सज्जात घरटे करणारी कबुतरे निवडली जातात. कबुतरांत नर व मादी आळीपाळीने अंडी उबवितात; नर साधारणतः दिवसा, तर मादी सायंकाळपासून सकाळपर्यंत बसते. आज्ञा मादीपुरतीच असल्याने सायंकाळ किंवा पहाट ही वेळ योग्य मानली जाते. पक्षीण उडाल्यावर अंडी क्षणभर हातात घेऊन घरट्यात परत ठेवण्याची पद्धत रूढ आहे. या आज्ञेच्या पालनाने निपुत्रिकास संतती लाभते, अशा मिद्राश वाङ्मयातील समजुतीमुळे काही लोक मुद्दाम घरटी शोधून ती पाळतात. ताल्मुदाने आज्ञा ‘सहज आढळलेल्या’ घरट्यापुरती मर्यादित केली असताना अशी शोधाशोध करणे व आईला विनाकारण उठविणे कितपत योग्य, यावर धर्मपंडितांत आजही मतभेद आहेत. इझ्राएलमध्ये १९५५ च्या वन्य प्राणी संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांना व त्यांच्या अंड्यांना हात लावण्यावर निर्बंध घातले आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पर्यावरणाच्या प्रश्नांकडे लक्ष गेल्यावर या आज्ञेचा नव्याने विचार होऊ लागला. प्रजननक्षम मादी वाचल्यास गमावलेल्या विणीची भरपाई पुढच्या विणीने होऊ शकते, तर तिच्या नाशाने पुढील सर्व विणी नष्ट होतात. म्हणून निसर्गाचे उत्पन्न घ्यावे, पण त्याचे मूळ राखावे, हे तत्त्व या प्राचीन नियमात अंतर्भूत असल्याचे दाखविले जाते. फोसिलिडीझच्या नावावरील काव्यात व सेफेर हाहिन्नुखमध्ये हा विचार पूर्वीच आला असल्यामुळे हे प्रतिपादन सर्वस्वी आधुनिक म्हणता येत नाही. तथापि या आज्ञेने पिलांना अभय दिलेले नाही आणि आज्ञा पाळणाऱ्या मुलाचा मृत्यूही परंपरेने लपविलेला नाही. या दोन्ही गोष्टी नोंदवून त्यांवर वाद घालीत राहणे, हे ज्यू विधिशास्त्राचे एक वैशिष्ट्य असून पक्षीण-मुक्तीच्या इतिहासात ते विशेष स्पष्टपणे दिसून येते.